बाबांची चाळीस पावलं

आईला सत्तराव्या वर्षी पोहायला शिकायचं होतं, म्हणून आम्ही घरामागे तळं खोदायला निघालो होतो. पोहण्याचा निळा पोशाख तिने केव्हाच आणून ठेवला होता. सकाळपासून तो अंगात चढवून, वर स्वेटर घालून ती घरभर फिरत होती. जेसीबी कुंपणापाशी येऊन उभा होता. फक्त जमिनीखाली कुठे काय पुरलंय ते आधी कळायला हवं होतं.

आणि जमिनीखाली जे काही होतं ते सगळं बाबांनीच पुरलेलं. बाबा निवृत्त वायरमन. पस्तीस वर्षांपूर्वी ही जागा घेतली तेव्हा विजेची केबल, फोनची तार, पाण्याचे पाइप, सगळं त्यांनी स्वतः गाडलं आणि कागदावर एक रेघ म्हणून ओढली नाही. हिशेब सगळा डोक्यात, तोही पावलांत. "घराच्या मागच्या कोपऱ्यापासून कुंपणाकडे पंचवीस पावलं, फोन. चाळीस पावलं, वीज." पाढे म्हणावेत तसे ते घडाघडा म्हणायचे.

नेमका त्याच दिवशी माझा थोरला भाऊ आला होता. दादा शहरात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि सहा महिन्यांपासून बाबांच्या चुका वेचतोय. चष्मा फ्रीजमध्ये सापडला, ही एक. शेजाऱ्याला भलत्याच नावाने हाक मारली, ही दुसरी.

"त्यांना आठवत नाही आता काही," तो मला स्वयंपाकघरात म्हणाला. "दोघांना माझ्याकडे नेतो. ही जागा विकून टाकू."

माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. "आज त्यांच्या खुणा बरोबर निघाल्या तर?"

"तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. आणि चुकल्या तर तू मध्ये बोलायचं नाहीस."

दारात बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. शर्टाची वरची गुंडी लावून ते बाहेर पडले, मोठ्याने आकडे मोजत चालले आणि दोन ठिकाणी फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढून आले.

मग खोदकामाआधी तपासणी करणाऱ्या ऑफिसातून यंत्रवाली आली. लांब काठीसारखं तिचं यंत्र जमिनीवरून फिरायला लागलं. बाबांच्या पहिल्या रेघेवर ते गप्प. दुसऱ्या रेघेवरही गप्प. ते ओरडलं ते भलतीकडेच. तिने फोनचा पिवळा झेंडा रोवला तो बाबांच्या रेघेच्या चार मीटर पुढे, आणि विजेचा लाल झेंडा तब्बल सहा मीटर पुढे.

बाबा दोन्ही झेंड्यांकडे बघत राहिले. "पोरगा बरोबर बोलतोय," ते म्हणाले. "सामान बांधा."

ते घराकडे निघाले. रडू आवरत मीही त्यांच्या शेजारून चालायला लागले. पण जमेना. दर दोन पावलांनी मला थांबावं लागत होतं, मी सारखी पुढे जात होते. मी पुढे! शाळेत सोडायला यायचे तेव्हा या माणसामागे मला धावावं लागायचं!

मी किंचाळलेच. आई घाबरून स्वेटरसकट बाहेर आली.

"बाबा, आकडे बरोबर आहेत! पावलं लहान झालीत तुमची!"

माझे पाय हुबेहूब बाबांचे, अगदी वाकड्या करंगळीसकट. मी घराच्या कोपऱ्याला टाच टेकवली आणि त्यांच्या जुन्या चालीने ढांगा टाकत निघाले. आई शेजारून धावत माझ्या पुढचाच आकडा ओरडत होती, त्यामुळे दोनदा परत यावं लागलं. पंचविसाव्या पावलाला पिवळा झेंडा वीतभर लांब. चाळिसाव्या पावलाला माझा अंगठा लाल झेंड्याच्या काडीला लागला.

मी तिथल्या तिथे उड्या मारल्या. जेसीबीवाल्याने हॉर्न वाजवला. यंत्रवाली पोट धरून हसत होती.

"योगायोग," दादा म्हणाला. त्याचा आवाज मात्र निम्मा झाला होता.

बाबांची मान आता ताठ झाली होती. "शेडच्या दारापासून घराकडे सतरा पावलं," ते मला म्हणाले. "घरात येणाऱ्या पाण्याचा पाइप."

मी मोजली. सतरावं पाऊल बरोबर तळ्याच्या जागेच्या मधोमध पडलं. यंत्र तिथे चूं करेना.

"इथे काही नाही काका," यंत्रवाली म्हणाली.

"तुमच्या यंत्राला धातू लागतो ना? हा नुसता प्लास्टिकचा आहे." बाबांनी कुदळ नाकारून फावडं उचललं आणि दादाच्या हातात दिलं. "हळू खोद. फुटला तर आई आत्ताच पोहेल."

दादा इस्त्रीच्या पँटवर खोदायला लागला. गुडघाभर खड्डा झाला, काही नाही. तो वर बघायला लागला. "अजून वीतभर," बाबा म्हणाले. मग दादाने फावडं बाजूला टाकलं, चिखलात गुडघे टेकले आणि हातांनी माती सारायला लागला. काळा पाइप दिसला. त्याने त्यावर तळहात ठेवला.

"गार आहे," तो म्हणाला. "पाणी वाहतंय." आणि बराच वेळ त्याने हात उचललाच नाही.

आनंदाने मला काही सुचेना. मी आईला मिठी मारली, मग चुकून यंत्रवालीलाही मारली.

"बाबा," दादाने खड्ड्यातूनच विचारलं, "अजून काय काय पुरलंय?"

"पुष्कळ आहे. आकडे मी सांगतो, चालायचं तुम्ही." बाबा विटांच्या ढिगावर ऐटीत बसले.

दादा उठला, चिखलासकट कोपऱ्यापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने जपून पहिलं पाऊल टाकलं.

"मोठं टाक रे," बाबा ओरडले. "तेव्हा मी तुझ्या वयाचा होतो."