पालथा पेला

“दगड काढू का, बाई?” चाकाशी वाकलेल्या महिपतने विचारले.

“काढा,” ललिता म्हणाली.

महाडातल्या त्या उतरत्या गल्लीत गाडी वर्षानुवर्षे अशीच उभी असे. तोंड उताराकडे आणि पुढच्या चाकाखाली सावित्री नदीच्या पात्रातला एक काळा दगड. बॅटरीचा भरवसा नसे, म्हणून ललिताचे बाबा, जानू ड्रायव्हर, ती उतारावर सोडूनच सुरू करीत. फुगीर पाठीमुळे लोक तिला डुक्कर फियाट म्हणत. बाबा नुसते ‘आपली’ म्हणत. आपलीला आज धाप लागली, आपली आज खुशीत होती.

महिपतने दगड काढला, हाताने झाडला आणि डिकीत ठेवला. ललिताने ते पाहून घेतले. गेल्या आठवड्यात एक हॉटेलवाला आला होता. नवरदेव मिरवायला त्याला जुनी गाडी हवी होती. त्याने दगड पायाने ढकलला आणि गल्लीच्या मध्येच सोडून चक्कर मारायला गेला. परत आल्यावर ललिताने त्याला चहासुद्धा विचारला नाही. घाटात चाकाला दगड लावायचा आणि निघताना तो रस्त्यातच टाकून जायचे, अशा माणसाला बाबा ड्रायव्हर म्हणत नसत. मागून येणाऱ्याने काय करायचे, एवढेच विचारीत.

बाबा श्रावणात गेले. आता दिवाळीची सुट्टी होती, ललिताची शाळा बंद होती आणि गाडीचा निकाल लावायचा होता. तिच्या मनात दासगावचे गोमाजी मास्तर होते. आपल्याच समाजातले, निवृत्त, हळुवार बोलणारे. गाडीसाठी त्यांनी शेड घातली होती, वरून झाकायला कापड शिवून घेणार होते, रविवारी तेवढी बाहेर काढणार होते. दुसरा हा महिपत. पोलादपूरच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी त्याची वाडी. मुंबईत टॅक्सी चालवून कंटाळून परत आला होता आणि बाबांच्याच रस्त्यावर प्रवासी नेणार होता.

“मास्तराकडं ती नुसती म्हातारी होईल,” सोनाबाई सकाळीच लेकीला म्हणाल्या होत्या. “हे दवाखान्यात काय म्हनले? चालती ठेवा म्हनले.”

“चालती म्हणजे खिळखिळी होईपर्यंत का, आई?”

“पोर देताना घर बघतात ना? तसं त्याच्यासंगं जा, घर बघून ये. मग बोल.”

म्हणून ललिता मागच्या सीटवर बसली. बाबा असताना ती नेहमी पुढे बसे. गाडी उतारावरून सुटली आणि नळाच्या कोपऱ्याशी दोन आचके देऊन सुरू झाली.

महिपत चांगली चालवत होता. कुठे ओरबाडत नव्हता, खड्डा दिसला की आधीच सोडून देत होता.

“क्लच जरा वरती पकडते,” तो म्हणाला. “चलेगा. हात बसेल. बाई, तुमचे बाबा म्हंजे एक नंबर ड्रायव्हर. मी लहान व्हतो ना, हॉर्न आयकून सांगायचो, जानू आला.”

जानू. वडिलांच्या वयाच्या माणसाला लहान मुलानेसुद्धा जानू. ललिता खिडकीबाहेर बघत राहिली. पहिली दोन वर्षे त्या वाड्यांतली माणसे पोलादपूरपर्यंत पायी जात, पण ह्या गाडीत बसत नसत. गाडी कोणाची ते सगळ्यांना ठाऊक होते. मग एका पावसाळ्यात बसू लागली. कशी काय, असे कोणी विचारले तर बाबा हसून सांगत, “पाऊस मोठा होता.”

पोलादपूरच्या नाक्यावर गाडी जरा थांबली, तोच मागचे दार उघडले आणि एक म्हातारी टोपलीसकट आत शिरली.

“जानूभाव, आज लई येळ केलास रे,” टोपली ललिताच्या मांडीवर टेकवत ती म्हणाली. मग तिचे लक्ष गाडी चालवणाऱ्याच्या मानेकडे गेले. तिने तोंडावर पदर धरला. “इसरले गो. आयकलं व्हतं, तरी इसरले.”

“आवडीमावशी, ही जानूची लेक,” महिपत आरशातून म्हणाला. “गाडी मी घ्यायची म्हनतोय.”

“तू?” आवडी डोळे पुसता पुसता म्हणाली. “बाय, नीट इचार कर. ह्यानं बापाची बैलगाडी व्हाळात घातलेली.”

“मावशी, बैल बुजला व्हता.”

“बैल बरा. तूच बुजलावतास.”

महिपत खदखदून हसला. ललितालाही हसू आले. बाबा गेल्यापासून ह्या गाडीत ती पहिल्यांदाच हसली. कुडपणची पायवाट फुटते तिथे आवडी उतरली आणि तिने दार अलगद लावले. जोरात लावले की त्याची काच खाली बसते, हे तिला ठाऊक होते.

महिपतचे घर रस्त्याला लागूनच होते. त्याची आई, चंद्राबाई, दारात उभी होती. तिने ललिताला आत नेऊन खुर्चीवर बसवले, कपबशीतून चहा दिला आणि समोर जमिनीवर बसली.

“हॉर्न आयकला नि मी चुलीवर आधान ठेवलं बघ. जानूच आला असं वाटलं. हात आपसूक गेला.”

“बाबा म्हणायचे, ह्या रस्त्यावर चहा प्यावा तर तुमच्या हातचा.”

“म्हनायचा? मला कधी बोलला नाय मेला.” चंद्राबाईचा चेहरा फुलला. “थांब, तुला गंमत दाखवते.”

ती बाहेर गेली आणि ओट्यावरच्या वळचणीच्या फळीवरून स्टीलचा एक पेला घेऊन आली. “ह्यो त्याचा. जत्रंत भांड्यावर नावं घालनारा बसला व्हता, त्याच्याकडनं नाव घालून आनलं. आमच्या भांड्यांत मिसळू नये म्हनून. दुसऱ्या कोनाला ह्यात पानीसुद्धा दिलं नाय मी.”

पेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी ‘जानू’ कोरले होते. अक्षर सुबक होते.

“लई टापटिपीचा मानूस, बाय. ओट्यावर बसून प्यायचा, आपल्या हातानं धुवायचा नि पालथा घालायचा. मला कधी सांगाया लागलं नाय.”

तिच्या बोलण्यात कौतुकच होते.

बाबा घरीसुद्धा चहा झाला की स्वतःचा पेला स्वतः धूत आणि पालथा घालीत. शेजारची मंजुळा नवऱ्याला ऐकवायची, जरा जानूभाऊंकडं बघा. ललिता शाळेत मैत्रिणींना अभिमानाने सांगायची, आमचे बाबा कप कोणाला धुवू देत नाहीत. ही सवय त्यांना कुठे लागली असेल, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

तिने महिपतकडे पाहिले. तो जमिनीकडे बघत होता. त्याच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

“हा मी नेऊ का?” ललिताने विचारले.

“ने की. तुझ्या बापाचाच हाय.”

दोघे महाडला परतले. महिपतने गाडी गल्लीत उतारावर लावली, दगड काढून चाकाखाली घातला आणि किल्ली तिच्या हातात दिली.

“बाई, मास्तरांना द्या गाडी,” तो म्हणाला. “मला राग नाय यायचा.”

ललिताने पेला घरातल्या फळीवर बाकीच्या पेल्यांच्या रांगेत ठेवला. “कुनाचा गो?” सोनाबाईंनी विचारले. त्यांना वाचता येत नव्हते.

“बाबांचा. तिकडे राहिला होता.”

त्यापुढे तिने काही सांगितले नाही. दोन दिवस ती गाडीशी जाऊन उभी राहत होती. मास्तरांची शेड तिच्या डोळ्यांसमोर येई. स्वच्छ, कोरडी. तिथे गाडीचे दार न विचारता कोणी उघडणार नव्हते. आणि बाबांना सगळे ठाऊक होते. तो पेला रोज त्यांनीच धुतला होता, तरी त्या घरासमोर गाडी रोज त्यांनीच थांबवली होती. ती कशासाठी, हे आता कोणाला विचारणार? तिसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, “महिपतला निरोप दे.”

रविवारी महिपत धुतलेला शर्ट घालून आला. गाडीसाठी झेंडूचा हार आणला होता. तो दारातच उभा राहिला.

“दारात काय उभा? आत ये, खुर्चीवर बस,” सोनाबाई म्हणाल्या. त्यांनी चहा गाळला आणि फळीवरचा हाताला लागला तो पेला भरून त्याच्यापुढे केला.

ललिताला ‘जानू’ ही अक्षरे दिसली. ती उठली, आणि उठून तशीच उभी राहिली.

महिपतने पेला काठाला धरला. अंगठ्याखाली खरखरीत लागले म्हणून जरासा फिरवून पाहिला. वाचला. बाहेर गल्लीत नळावर भांडी वाजत होती. त्याने चहा सावकाश प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत.

“काकी, मोरी कुठाय?”

“ठेव रे तिथंच. मी धुते.”

“नाय. धुतो मी.”

मोरीत बसून त्याने पेला आतून-बाहेरून घासला, विसळला आणि कट्ट्यावर पालथा घातला. ललिताकडे त्याने बघितले नाही. बाहेर जाऊन गाडीला हार घातला, दगड डिकीत ठेवला. गाडी उतारावरून सुटली, नळाच्या कोपऱ्याशी दोन आचके देऊन सुरू झाली. हॉर्न वाजला, मग जरा लांबून पुन्हा वाजला. सोनाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. दगडाच्या जागी जमिनीला खोलगा पडला होता, त्याच्याकडे त्या बघत राहिल्या.

ललिता मोरीशी गेली. पेल्याखालून पाण्याची बारीक धार कट्ट्यावर उतरत होती. तिने तो उचलला, पदराने कोरडा केला आणि फळीवरच्या रांगेत नेऊन सुलटा ठेवला.