बाळकुमची आजाऱ्यांची बाज

मी एक जुनी बाज आहे. बाळकुम गावात, खाडीच्या अंगाला जे शेवटचं घर आहे, त्याच्या गोठ्यात मला उभी करून ठेवली आहे. धडधाकट माणूस माझ्यावर निजत नाही. गावात मला ‘आजाऱ्यांची बाज’ म्हणतात. मित्रांनो, हे नाव मला कसं मिळालं तेच आज सांगायचं आहे.

माझे पाय बाभळीचे. धाकू सुतारानं ते तासले आणि घरधनी काळुराम यानं अंगणात बसून काथ्याच्या दोरीनं मला विणलं. वीण इतकी ताठ होती की पहिल्या वर्षी माझ्यावर कुणाला नीट झोपही लागेना. पुढे मी सैलावले, घरात रुळले. उन्हाळ्यात माझ्यावर मिरच्या वाळत, सुकी मासळी पसरली जाई. काळुराम मिठागरावरून आला की अंग न धुताच पाठ टेकायचा, आणि त्याच्या अंगावरचं मीठ माझ्या काथ्यात उतरायचं. त्याची बायको हौसाबाई त्यावरून रोज कुरकुर करायची. मला मात्र त्या खारटपणाची सवय झाली होती. मुलगा पंढरी, सून सगुणा, असं चार माणसांचं घर होतं. सगुणा तेव्हा पोटुशी होती.

अठराशे नव्वद सालची गोष्ट. मिठागरात मिठाच्या राशी लागत होत्या आणि मुंबईकडून एक नवाच ताप ठाण्यात येऊन पोचला. टेंभी नाक्यावरची दुकानं भर दुपारी बंद दिसू लागली. मग तो कोलशेतला गेला, बाळकुमला आला. आमच्या घरात त्यानं पहिल्यांदा काळुरामला धरलं.

काळुराम कामावरून आला तो हुडहुडी भरूनच. त्याच्या थरथरण्यानं माझे चारही पाय जमिनीवर वाजत होते. डोकं फुटतंय, हाडं मोडून निघतायत, असं म्हणत तो कण्हत राहिला. तीन-चार दिवसांनी अंग निवलं. त्यानं भाकर मागितली, आणि दुसऱ्याच सकाळी पाय खाली सोडले.

“आज नको जाव,” हौसाबाई म्हणाली. “तोंड बघा कसा झालाय.”

“बांध कच्चा हाय. उधान आलं तं सगला मीठ जाईल,” असं म्हणून तो निघाला.

दिवसभर तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बांधाला चिखल लावत होता. बांध वाचला. काळुराम मात्र परत आला तो बरगडी दाबून धरूनच. आता ताप चढला तो उतरेना. खोकला आला की कळ उठायची, थुंकीला गंजाचा रंग आला. आडवं पडलं की त्याचा जीव गुदमरे. माझ्या दोरीतून मला त्याचा श्वास कळत होता. आखूड, घाईचा, आत शिरण्याआधीच परतणारा.

पंढरीनं ठाण्याहून विश्रामराव डॉक्टरांना आणलं. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि हौसाबाईला अंगणात बोलावलं.

“दोन्ही बाजू धरल्यात,” ते म्हणाले. “ताप उतरला म्हणजे दुखणं संपलं असं नाही, बाई. माणूस उठून राबायला लागतो आणि मग ते छातीत उतरतं. गावोगाव हेच पाहतोय मी.”

“आदी कुनी सांगितला नाय आमाला,” हौसाबाई म्हणाली.

“आम्हालाही हा ताप नवाच आहे,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

शेवटी काळुरामला भुईवर घेतलं. म्हणून त्याचा अखेरचा श्वास मला कळला नाही.

शेजारची ठमाबाई म्हणाली, “ती बाज खाडीत सोडून दे, हौसा. तिच्यावर मरण निजलंय.”  हौसाबाईनं माझी सगळी दोरी उसवली, उकळत्या पाण्यात घातली, पायांना राख घासली, मला उन्हात वाळवली. नवऱ्याचं सुतक असताना ती अंगणात बसून मला पुन्हा विणत होती. दोरी ओढताना तिच्या तळहातांना रक्त आलं. मला वाटलं होतं, ती रडेल. ती रडली नाही. ओठ घट्ट मिटून एकेक फेरा ओढत राहिली.

माझी वीण पुरी झाली आणि सगुणा तापली.

हौसाबाईनं तिला माझ्यावर निजवलं. ताप उतरला तेव्हा सगुणा म्हणाली, “आये, आता बरा वाटतं. पानी भरून आनतंव.” सासूनं तिला खांदा धरून परत निजवलं. एवढं जपूनही दुखणं छातीत उतरलंच. दोन जिवांची बाई ती, तिला धाप सोसेना. तेव्हा हौसाबाईनं भाताच्या तुसाची पोती माझ्या उशाला रचली आणि तिला टेकून बसती केली. त्या दिवसापासून सगुणा बसूनच झोपे. सासू घोट घोट पेज पाजायची, पाठ चोळायची, छाती शेकायची. डॉक्टर येऊन औषध देत. “हे बसवलंत ते बरं केलंत,” असं ते म्हणाले, आणि पुढच्या घरी निघून गेले.

त्यातच पंढरीही तापानं पडला. त्याचा ताप नुकताच उतरला होता, त्या दुपारी उधाण आलं. मिठागरावरचा आनंदा धावत दाराशी आला.

“पंढरी, बांध सुटतोय. चार मानसं लागली तं राहील.”

पंढरी चटईवरून उठला. भिंत धरत दारापर्यंत गेला. हौसाबाईचे दोन्ही हात सगुणाच्या पाठीला होते, तिला खोकल्याची उबळ आली होती. हात सोडता येईनात. तिनं नुसती मान वळवली.

“पंढरी, बस खाली.”

“आये, सगल्या वर्साचा मीठ हाय. बानं जीव दिला त्याच्यासाठी.”

“म्हनूनच बस. मीठ फुडल्या वर्साला परत पिकंल.” मग दाराकडे पाहून म्हणाली, “आनंदा, तू बी जपून. नाय राहिला बांध तं सोडून दे.”

पंढरी उंबऱ्याशी उभा राहिला. खाडीकडून माणसांच्या हाका येत होत्या. शेवटी तो मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला.

बांध फुटला. मिठाच्या राशी पाण्यात विरघळून गेल्या.

संध्याकाळी सगुणाला दरदरून घाम फुटला. काथ्या भिजून निथळू लागला. हौसाबाई घाबरली, तिनं सुनेच्या नाकाशी बोटं धरली. मला तिच्याआधी कळलं होतं. श्वास लांब झाला होता. तो सावकाश आत जात होता आणि सावकाश बाहेर येत होता.

पुढे कितीतरी दिवस हौसाबाईनं दोघांनाही उठू दिलं नाही. पाणी, सरपण आणि बांध फुटला म्हणून लोकांनी मारलेले टोमणे, सगळं तिनं एकटीनं वाहिलं. मग कोलशेतहून कुणी विचारत आलं, “ती पोत्यांची बाज देता का?” आणि मी दोन माणसांच्या डोक्यांवरून घरोघर फिरू लागले. प्रत्येक घरातून परतले की हौसाबाई माझी दोरी उकळायची. माझ्यावर टेकलेली सगळीच माणसं वाचली नाहीत. पण जी वाचली, त्यांनी उठण्याची घाई केली नव्हती. पावसाळ्याच्या तोंडाशी सगुणा माझ्याच शेजारी बाळंत झाली. मुलगी झाली.

ताप गेला, आणि माझं नाव तेवढं मागे राहिलं. पोरं मला शिवत नाहीत. लोक जाता-येता नजर चुकवतात. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण माझं एक मागणं आहे, मित्रांनो. मला घाबरलात तरी चालेल, आजाऱ्याला घाबरू नका. त्याच्या बाजेची दोरी उकळा, अंथरूण उन्हात घाला, पण त्याच्याजवळ बसा. आणि ताप उतरल्यावर तो हसून म्हणाला की मी आता बरा आहे, मला जाऊ द्या, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि त्याला परत निजवा. त्याचं काम बुडेल. बुडू द्या.