कच्चा रंग

सत्तारच्या घरात माझी नात जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं. निजामपुऱ्यात त्याचा कापडाचा गाळा आहे, पैसा आहे, मुलगा नूरैनही वाईट नाही. पण आपल्या थोरल्या सुनेला सत्तार माहेरीसुद्धा एकटीला जाऊ देत नाही. आमची हफसा पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर काम करते. निकाहनंतर ड्युटी बंद, असा निरोप त्याने आधीच धाडला होता. माझ्या सुनेने, अतियाने, तो हसून ऐकून घेतला.

मोबाईलवर नको, फोटो हातात पाहिजे, हाही त्याचाच हट्ट. म्हणून जुम्म्याच्या सकाळी हफसाने घरचा प्रिंटर लावला. एकच फोटो तिने वेगवेगळ्या कागदांवर काढला आणि चटईवर वाळत ठेवला. चकचकीत तो ग्लॉसी, बिनचमकीचा मॅट, आणि मधला साटन.

अतियाने ग्लॉसी उचलला. "हाच. बघ कशी उजळ दिसतेस."

"अम्मी, बोट नको लावू, शाई ओली आहे. आणि तोंडाला तेल चोपडल्यासारखं दिसतंय. मॅट दे."

"मॅटमध्ये टायफॉइडमधून उठल्यासारखी दिसतेस."

"मग साटन घे."

"मधलं काही नको. लोक चेहरा बघणार आहेत, कागद नाही."

"चेहराच बघणार असते तर एवढी चमक कशाला लागली असती?" मी म्हटलं.

"अम्मा, तुम्ही गप्प बसा. तुमच्या लग्नात तुम्हाला कुणी बघितलं तरी होतं का?"

"बघितलं असतं तर तुझा नवरा जन्मलाच नसता. मग आज तू कुणाच्या डोक्यावर बसली असतीस?"

हफसा हसली. अतियाने ग्लॉसी फोटो तसाच पाकिटात कोंबला.

नमाजनंतर सत्तार आला. सरबत पुढे ठेवून अतियाने पाकीट दिलं. त्याने फोटो काढला, अंगठा जिभेला लावला आणि फोटो मधोमध चिमटीत धरून चोळला. कापडाच्या माणसाचा हात तो. काही हातात आलं की पोत बघणार, रंग सुटतो का बघणार. हफसाचा एक गाल त्याच्या अंगठ्यावर आला.

त्याने अंगठा बघितला. "अरे, रंग तर कच्चा आहे! धुलाईत टिकेल ना, भाभी?"

त्याचं हसणं मी सोसलं असतं. पण अतियाही हसली.

हफसा आतल्या दारात उभी होती. तिने सगळं बघितलं.

"चाचा, ते कापड नाही."

"अरे बेटी, मजाक था. जा, दुसरा काढून आण."

ती जागची हलली नाही.

"हफसा, तुला यांच्या घरात जायचंय?" मी विचारलं. पाहुण्यासमोर मुलीला असं कुणी विचारत नाही.

"अम्मा!" अतिया ओरडली.

"मी तिला विचारलं."

"नाही, दादी," हफसा म्हणाली.

सत्तारने आमच्या धुतलेल्या टेबलक्लॉथला अंगठा पुसला. "खाला, दारात आलेला रिश्ता असा परत करत नाहीत. मुलगी सत्तावीसची झालीय."

"ठाऊक आहे. ती जन्मली तेव्हा मी तिथेच होते."

"पुन्हा कोण येतं ते बघतोच."

"बघ. निजामपुऱ्यात सगळ्यांना सांग. आम्हीच नको म्हटलं, तेही सांग."

तो सरबताला हात न लावता गेला. अतियाने ग्लास मोरीत उपडा केला. "मोडलंत ना? आता बसा तिला सांभाळत."

"बसते."

त्या दिवसापासून अतिया माझ्याशी बोलत नाही. माझं ताट आणून आदळते. कधी आमटीत मीठ नसतं, कधी मुठीने पडलेलं असतं. मी सगळं खाते आणि वर आणखी वाढ म्हणते. तिला तेवढाही आनंद मी मिळू देत नाही.