अय्यूबशेठची एकाग्रता

अय्यूबशेठचा हात थरथरतो, हे सगळ्या भिवंडीला ठाऊक होतं. त्यांच्या तोंडावर बोलायची मात्र कोणाची छाती नव्हती. एरवी हा माणूस कॅरमवर बसला की बघत राहावं. सुताच्या दुकानावरच्या माळ्यावर क्लब होता, तिथं रोज संध्याकाळी ते गप्पा मारता मारता सोंगट्या पॉकेटात घालत. पण वार्षिक स्पर्धेची फायनल आली, समोर अंजूरचे पंढरीशेठ बसले आणि भोवती माणसांनी कडं केलं, की अय्यूबशेठच्या छातीत त्यांच्याच कापड कारखान्यातला लूम चालू व्हायचा. राणी घेतलेली असायची, कव्हरची सोंगटी पॉकेटाच्या तोंडाशी असायची आणि नेमका स्ट्रायकर भलतीकडे जायचा. वर्षानुवर्षं कप अंजूरला गेला. पंढरीशेठच्या भातखाचरांवर आता मोठमोठी गोदामं उभी होती, पण घरी आलेल्या पाहुण्याला ते आधी कॅरमचे कप दाखवत, मग पाणी विचारत.

गेल्या वर्षी मात्र दोन गोष्टी घडल्या. अय्यूबशेठचं बीपी वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी घ्यायला एक पांढरी गोळी लिहून दिली. त्यानंतर शेठ फायनल जिंकले. या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध असेल, अशी शंकाही शेठना आली नाही. का यावी? हरलेला माणूस बोर्डाला, पावडरीला, पंख्याच्या वाऱ्याला दोष देतो. जिंकलेला माणूस आरशात बघतो.

शेठनी भरपूर बघितलं. मग ते एकाग्रतेवर बोलू लागले. आधी क्लबात बोलले, मग लग्नाच्या मांडवात, मग एका शाळेच्या बक्षीस समारंभात. मन काबूत ठेवा, हात आपोआप काबूत राहतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पूर्वी क्लबचा जिना ते एका दमात चढत. आता मध्येच थांबावं लागायचं, पाय जड व्हायचे. घाई हा खेळाडूचा दुश्मन, असं ते कठड्याला धरून सांगत. सकाळच्या फेरीत त्यांच्याहून म्हातारी माणसं पुढं निघून जायची, तेव्हाही शेठ मंद हसत. एवढा शांत झालेला माणूस भरभर चालेल तरी कशाला, असा त्यांचा सवाल होता.

या शांतीला सुरुंग लावला तो त्यांच्या मुलीनं. इरम फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा तोंडावर आलेली, आणि शेठनी जेवताना तिला एकाग्रतेचं व्याख्यान लावलं. तिनं ते बराच वेळ सोसलं.

"अब्बा, तुमची गोळी हृदयाचे ठोके हळू करते," ती म्हणाली. "म्हणून हात थरथरत नाही. नेमबाजीच्या स्पर्धांत ती घ्यायला बंदी आहे. आणि जिन्यात दम लागतो तोही बहुतेक तिच्यामुळेच. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील."

एवढं बोलून ती भात वाढून घेऊन मोकळी झाली. शेठचा घास मात्र हातातच राहिला. म्हणजे कप जिंकला कोणी? आयुष्यभरात एकदाच मिळालेली गोष्ट, तीसुद्धा औषधाच्या दुकानातून आली होती? त्यांना मनापासून लाज वाटली. त्या क्षणी त्यांनी ठरवलं की यंदा गोळी न घेता फायनल जिंकायची आणि कप खरोखर आपला करायचा.

पण घरात खदीजा होती. तिच्या थोरल्या भावानं, आता बरं वाटतंय म्हणून, मनानंच बीपीची गोळी सोडली होती आणि एका सकाळी चहाचा कप त्याच्या हातातून पडला तो कायमचाच. अर्धं अंग गेलं. तेव्हापासून खदीजा नवऱ्याला स्वतःच्या हातानं गोळी द्यायची आणि त्यानं पाणी पिईपर्यंत समोरून हलायची नाही. तिला सांगून गोळी बंद करणं शक्यच नव्हतं.

शेठनी गोळी गालात धरायला सुरुवात केली. वर पाणी प्यायचे, खदीजा स्वयंपाकघरात वळली की गोळी पुसून कॅरमच्या बोरिक पावडरच्या डब्यात टाकायचे. पांढऱ्यात पांढरं मिसळून जायचं, आणि पावडरीनं शिंका येतात म्हणून खदीजा त्या डब्याच्या वाटेला जायची नाही. एवढी एकाग्रता शेठनी खेळात दाखवली असती तर गोळीची गरजच पडली नसती.

हळूहळू डोकं ठणकू लागलं. उशीवर कान टेकला की धडधड ऐकू यायची. हीच तर खऱ्या खेळाडूची धडधड, अशी शेठनी स्वतःची समजूत घातली. इरमचं अर्धंच वाक्य त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. डॉक्टरांना सांगा, हे दुसरं अर्धं सोयीनं विसरले होते.

फायनलला माळा तुडुंब भरला. एका बाजूला खुर्च्यांवर खदीजा आणि इरम बसल्या होत्या. पंढरीशेठ यंदा वेगळेच दिसत होते. बोलत नव्हते, घाम पुसत नव्हते, सोंगटीमागून सोंगटी घालत होते. अय्यूबशेठच्या कानशिलांत ठोके पडत होते आणि बोटं पूर्वीसारखी, नव्हे पूर्वीपेक्षा वाईट, नाचत होती. हातातले दोन सोपे फटके गेले. तेवढ्यात बोर्ड चिकट झालाय अशी पंढरीशेठनी तक्रार केली.

क्लबचा सेक्रेटरी एजाज पंच होता. त्यानं जवळचा डबा उचलला, तो नेमका अय्यूबशेठनी सवयीनं घरून आणलेला. शेठनी हात पुढं केला, पण उशीर झाला. दमट हवेनं पावडरीचा गोळा झाला होता, म्हणून एजाजनं डबा उलटा करून बुडावर थाप मारली. पावडरीबरोबर गोळ्यांचा सडा बोर्डावर पडला. त्यातली एक घरंगळत जाऊन राणीला टेकली.

"दवा खाके खेलते हैं सेठ," मागून कोणीतरी म्हणालं. कुजबुज सुरू झाली. नियमावलीत बघावं लागेल, असं एजाज गंभीरपणे म्हणाला. क्लबची नियमावली कधी कोणी लिहिलीच नव्हती.

पंढरीशेठनी एक गोळी चिमटीत धरली, फुंकर मारली आणि चष्म्याजवळ नेली.

"आवं, ही तं माझीच गोली हाय," ते म्हणाले. "मला बीपी कवापासना हाय, पन मी ऐकत नव्हतो. गेल्या साली हरलो, तवा डॉक्टरकडं जाऊन बोललो, अय्यूबशेठला दिलीव ती मलापन द्या. बायको तं तुमाला दुवा देते, शेठ."

एजाजनं नकळत स्वतःच्या शर्टाचा खिसा चाचपला. माळ्यावरच्या आणखी दोघातिघांनीही चाचपला. बंदी घातली असती तर स्पर्धा त्या सुताच्या दुकानातल्या हमालांनाच खेळावी लागली असती.

प्रकरण तिथंच मिटत होतं. अय्यूबशेठ गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण खोटा आळ सहन करील तो शेठ कसला. ते उठून उभे राहिले.

"यातली एकही गोळी मी घेतलेली नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी गोळीशिवाय खेळतोय."

आणि ते टाळ्यांची वाट बघू लागले.

टाळी वाजली नाही. खुर्चीचा आवाज झाला. खदीजा उठून बोर्डापाशी आली होती. पावडरीत पडलेल्या गोळ्यांकडे ती बघत राहिली.

"मग रोज सकाळी मी पाणी कशावर पाजत होते?" तिनं विचारलं.

ती ओरडली असती तर शेठना सोपं गेलं असतं. ती ओरडली नाही. तिनं गोळ्या एकेक करून उचलायला घेतल्या, आणि शेठना तिचा हात दिसला. तो थरथरत होता, फायनलमध्ये त्यांचाही कधी थरथरला नव्हता इतका. स्वतःच्या हाताची चिंता करण्यात त्यांचं वर्ष गेलं होतं, या हाताकडे बघायचं राहूनच गेलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं.

त्यांनी स्ट्रायकर पंढरीशेठपुढं ठेवला, कप तुमचा म्हणून सांगितलं आणि खदीजाच्या मागोमाग जिना उतरले. इरमनं खाली रिक्षा थांबवून ठेवली होती. डॉक्टरांनी बीपी बघितलं, पुन्हा बघितलं आणि शेठना तिथंच ठेवून घेतलं. अशी एकदम बंद केलेली गोळी फायनलच काय, माणसालाही संपवू शकते, हे त्यांनी शेठना अतिशय एकाग्रतेनं सुनावलं.

घरी सोडल्यावर पहिल्या सकाळी खदीजा पाणी आणि नवी गोळी घेऊन उभी राहिली. शेठनी गोळी हातात घेतली, पण तोंडात टाकेनात.

"ही घेऊन पुढच्या वर्षी जिंकलो, तर जिंकलं कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणी का जिंकेना," ती म्हणाली. "मला तुम्ही घरी यायला पाहिजेत."

शेठनी गोळी गिळली, वर पाणी प्यायले. खदीजा हलली नाही.

"तोंड उघडा. जीभ वर करा."

भिवंडीचे माजी चॅम्पियन अय्यूबशेठ यांनी तोंड उघडलं आणि जीभ वर केली.