आईचा कॉम्प्युटर

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या मेकॅनिकच्या आईचा कॉम्प्युटर दोन वर्षं अपडेट झाला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. आधी तो महिन्यातून एकदा जायचा, अपडेट लावायचा, चहा पिऊन निघायचा. मग कामं वाढली. आईचा फोन यायचा, "अरे, ते अपडेटचं पुन्हा विचारतंय." हा कुणाच्या तरी टेबलाखाली वायरी सोडवत खेकसायचा, "'नंतर' दाब! बाकी कशाला हात लावू नकोस. मी येतो रविवारी."

तो रविवार काही उगवला नाही. आई गेली.

दोन आठवड्यांनी घर आवरताना त्याला कीबोर्डखाली एक वही सापडली. आईने शेजारच्या शिक्षिकेकडून शिकून सगळं गोल अक्षरांत उतरवलं होतं. पासवर्ड कसा बदलायचा, फसवा मेल कसा ओळखायचा, अपडेट कसं लावायचं. एकही पायरी चुकलेली नव्हती. वरची तारीख दीड वर्षापूर्वीची होती.

त्याचं डोकंच फिरलं. "येत होतं, तर केलं का नाहीस गं?" तो रिकाम्या खुर्चीवर ओरडला. "रोज फोन करून माझं डोकं का खाल्लंस?"

रागाने त्याने पान उलटलं. मागे एवढंच लिहिलं होतं: "अपडेट लावता येतं, पण आपण लावायचं नाही. त्यासाठी तो येतो."