सगळे मागे उभे

वकीलबाईंची निम्मी कारकीर्द कंपन्यांची आपापसातली भांडणं लढण्यात गेली. तिथे दोन बाजू कोर्टात एकमेकींचे गळे धरायच्या आणि बाहेर येऊन एकत्र चहा प्यायच्या. मग त्यांनी श्रवणयंत्रांचा दावा घेतला. एकाच कंपनीच्या यंत्रांतून सतत घरघर ऐकणारे शेकडो लोक, आणि त्या सगळ्यांच्या वतीने वादी म्हणून एकच नाव, गाणं शिकवणाऱ्या मावशींचं.

सुनावणीच्या सकाळी मावशी कोर्टाच्या व्हरांड्यात हसतच आल्या.

"अहो, काल कंपनीचा माणूस घरी येऊन नवं यंत्र बसवून गेला. फुकट! नातीचा सूर काय स्वच्छ ऐकू आला!"

वकीलबाई मटकन बाकावर बसल्या. "मावशी, घेण्याआधी मला एक फोन करायचा ना!"

"फोनवर ऐकू येत नव्हतं, म्हणून तर दावा केला!"

वादीची तक्रारच उरली नाही, दावा निकाली काढा, असं कंपनीचा वकील आज म्हणणार. डाव जुनाच होता. दुसरा वादी मिळाला नाही, तर चार वर्षांची मेहनत पाण्यात.

व्हरांड्यात बरेच दावेदार जमले होते. मावशींच्या जागी वादी म्हणून उभं राहाल का, असं वकीलबाईंनी प्रत्येकाला विचारलं.

"मी तुमच्या मागे आहेच," शिंपी म्हणाला.

"मीही. अगदी ठाम मागे," बेकरीवाला म्हणाला.

"सगळे मागेच! पुढे कोण?"

बेकरीवाल्याने कान चाचपला आणि ऐकू न आल्यासारखं केलं.

मग म्हातारा बसकंडक्टर उठला. रोज फोन करून जीव नकोसा करणारा हाच. "मी उभा राहतो. पण वकील माझ्या पसंतीचा. तुम्ही इतकी वर्षं कंपन्यांचीच वकिली केलीत. माझा तुमच्यावर काडीचा विश्वास नाही."

"काका, या दाव्याचा एकेक कागद मी जमवलाय."

"जमवला असेल. दावा आज बुडतोय तोही तुमच्याच हातात."

तेवढ्यात पुकारा झाला.

कंपनीचा वकील अपेक्षेप्रमाणे बोलून बसला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुमचं म्हणणं?"

गप्प राहिल्या असत्या तर दावा संपला असता, आणि कंडक्टरचा जाचही. वकीलबाई उठल्या.

"वादी बदलायची परवानगी हवी, साहेब. नवे वादी हजर आहेत."

"वकील तुम्हीच?"

"आजपुरती. पुढचं ते ठरवतील."

"ठरवलंय!" मागून कंडक्टर ओरडला.

परवानगी मिळाली. बाहेर येताच त्याने त्यांना गाठलं. "सगळ्या फायली उद्या पाठवा. आणि पानांचे आकडे नीट घाला, मागच्या अर्जात चुकले होते."

"चुकले नव्हते," वकीलबाई त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाल्या.