शिवाच्या मुदतवाढीचं गाऱ्हाणं

शिवाला ठेवायचं की सोडायचं, हा प्रश्न आमच्या फुटबॉल मंडळापुढे १९६३ सालच्या माघात आला. मंडळाचा चिटणीस मी. म्हणजे सभेची सूचना मी लिहायची, ती घरोघर मीच फिरवायची, आणि सभेत कोणी काय मूर्खपणा केला तो शुद्ध मराठीत इतिवृत्तात मांडायचा. शाळेत मी मास्तर होतो आणि मंडळातही मला मास्तरच म्हणत. फरक एवढाच की शाळेतली पोरं कधीमधी माझं ऐकायची.

आमचं गाव बांद्यापासून अडीच मैलांवर, गोव्याच्या हद्दीला चिकटून. भात कापून झालं की दोन शेतांमधली मेर मोडायची आणि त्याचं मैदान करायचं. कापलेल्या भाताचे खुंट तसेच असायचे, त्यामुळे चेंडू कुठून कुठे उडेल याचा नेम नसे. आमच्या गड्यांना त्या खुंटांची सवय होती, बाहेरून येणाऱ्यांना नव्हती. आमच्या निम्म्या विजयांचं श्रेय मी त्या खुंटांना देतो. उरलेले निम्मे शिवाचे.

शिवा मूळचा पेडण्याचा. सत्तावन्न साली, पलीकडे पोर्तुगिजांचं राज्य असताना, हद्द ओलांडून आमच्याकडे खेळायला आला आणि इथलाच झाला. त्याच्याशी कागदावर काहीच नव्हतं. शिमग्याला देवापुढे नारळ ठेवून वर्षाची बोली व्हायची. दिवसा मंडळाचे अध्यक्ष धोंडूशेट यांच्या भाताच्या गिरणीवर काम, गिरणीमागे राहायला खोली, आणि जेवण सात घरी सात वार. बुधवार आमचा. रविवार काशीबाईचा, त्यामुळे तिच्याकडे कोंबडी-वडे. धोंडूशेटनी पहिल्याच वर्षी उदार मनाने सोमवार मागून घेतला होता, कारण सोमवारी त्यांच्या घरात सगळ्यांना उपास असे.

सहा वर्षं हे बरं चाललं. आता शिवा तेहतीस वर्षांचा झाला होता. सामना संपला की त्याचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजायचा. दर बुधवारी जेवण झाल्यावर माझी बायको नर्मदा निरगुडीचा पाला गरम करून त्याला शेकायला द्यायची आणि माझ्याकडे असं बघायची, जणू मीच त्याला लाथ मारली होती.

माघातली पहिली सभा गिरणीच्या ओट्यावर भरली. धोंडूशेट म्हणाले, "शिवा आता म्हातारो झालो. धावता कमी, खाता जास्त." सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने सांगितलं की शिवामुळे आपण गेल्या वर्षी हरलो. दुसऱ्याने सांगितलं की त्याच्या आदल्या वर्षी जिंकलो, पण तेही शिवा असूनसुद्धा. येत्या शिमग्याला त्याच्यासाठी देवापुढे नारळ ठेवायचा नाही, यावर बहुतेकांचं एकमत झालं. तेवढ्यात चहा संपला, म्हणून ठराव पुढच्या सभेवर गेला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिवा शाळेत आला. हातात एक टंकलिखित पत्र होतं. डिचोलीकडच्या कुठल्याशा खाण कंपनीचं.

"मास्तर, तेंका तेंच्या टीमीक माणूस व्हयो," तो म्हणाला. "एक वरस खेळूचा, आणि कारखान्यात कायमची नोकरी. खेळ सरलो तरी नोकरी सरूची नाय. खोली पण देतत. आवशीक थंय घेवन जातलंय. पेडण्याक ती एकटीच आसा."

"म्हणजे आईचीही सोय झाली. मग घोडं कुठे अडलंय?"

"तुमच्या मंडळाची चिठी व्हयी. सोडलो म्हणान. पंचवीस तारखेच्या आत."

मला हसू आलं. मंडळाला तो नको होता आणि त्याला मंडळ नको होतं. एवढा सरळ मामला आमच्या गावात त्याआधी झाला नव्हता. चिटणिसाची सही पुरत होती. लेखणी माझ्या हातात होती, मी तिथेच चार ओळी खरडून दिल्या असत्या तर त्या माणसाचं आयुष्य मार्गी लागलं असतं. पण माझा नियमांवर फार जीव. सगळं रीतसर व्हावं, सभेपुढे पत्र वाचून दाखवावं, सर्वानुमते ठराव व्हावा, असं मला वाटलं. मी म्हणालो, "शनिवारी सभा आहे. शनिवारी चिठ्ठी घेऊन जा."

शनिवारी मी पत्र वाचून दाखवलं.

"कंपनीक शिवा कित्याक व्हयो?" धोंडूशेटनी डोळे बारीक करून विचारलं.

"खेळायला," मी म्हणालो.

"तसा नाय, मास्तर. हे खाणीवाले मातीतसून लोखंड काढतत. तेंका सगळा समाजता. ते मोडको माणूस उचलतीत?"

हे सगळ्यांना पटलं. मग जो तो शिवाचे गोल आठवू लागला. आठवड्यापूर्वी ज्याच्यामुळे आम्ही हरलो होतो, त्याने एकट्याने सावंतवाडीची ढाल आणली होती, असं निघालं. गुडघा? गुडघा तर चांगल्या खेळाडूचा सुजायचाच. काशीबाई गिरणीवर भात घेऊन आली होती, ती मध्येच बोलली, "आणि आयतवारी आमच्याकडे कोण जेवतलो? सगळ्या वाडीत मान आसा आमच्या आयतवाराक." सातही घरांना आपापला वार गेल्यासारखं वाटलं. धोंडूशेटना तर सोमवारचा उपास शिवाविना करावा लागणार म्हणून गहिवरून आलं.

मी भीत भीत म्हणालो, "शिवालाच विचारलं तर?"

"तेका काय इचारूचा?" शेट म्हणाले. "इचारूचा तां देवाक. कौल लावया."

आमच्याकडे विहीर कुठे खणायची इथपासून मुलगी कुठे द्यायची इथपर्यंत सगळं रवळनाथाला विचारतात. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला चिकटवतो आणि प्रश्न सांगतो. उजवीकडची पाकळी आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. देवाचं उत्तर कोणी मोडत नाही. फक्त ते मनासारखं येईपर्यंत विचारत राहतात.

रविवारी सकाळी सगळा गाव देवळात जमला. शिवा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खांबाशी उभा होता. पंचवीस तारखेला चार दिवस उरले होते. गणपत गुरवाने पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "शिवा आणखी एक वरस ऱ्हवाचो काय?"

डावी पडली. स्वच्छ, ठसठशीत नकार. शिवाने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. त्याचं ते हसू पाहून माझा जीव भांड्यात पडला. देवाने मास्तरची लाज राखली, असं वाटलं.

"गुरवानु, घायघायत इचारल्यात," शेट म्हणाले. "परत लावा."

परत लावल्या. परत डावीच पडली. शेट म्हणाले, पाकळीला पाणी कमी लागलंय. तिसऱ्यांदा पाणी इतकं लागलं की अर्धा तास एकही पाकळी पडेना. देऊळभर लोक मान वर करून उभे. मग वाऱ्याची झुळूक आली आणि दोन्ही पाकळ्या एकदमच गळाल्या.

"देव इचारात पडलो," शेटनी जाहीर केलं. "तेका नीट समजावन सांगूक व्हया." आणि त्यांनी उपरणं सारखं करून गाऱ्हाणं घालायला घेतलं.

गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने घातलेली विनवणी. एकाने मागायचं आणि दर मागण्याला सगळ्या जमावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो. ते डोक्यातून येत नाही, तोंडातून येतं.

"बा देवा रवळनाथा!" शेटनी आवाज लावला. "आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"खाणीवाल्यांची नदर आमच्या गड्यार पडली आसा, ती नदर परती फिरव!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण आपली म्हस मळ्यात सोडता आणि आमच्या गोलाचे खांबे पाडता, तेका तूच काय ती अद्दल घडव!"

"व्हय म्हाराजा!" म्हैस ज्याची होती तो माझ्या शेजारीच उभा होता. तोही घसा ताणून ओरडला.

"शिमग्याच्या सामन्यात समोरच्या गोलकीपराचे हात ढिले कर!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यो शिवा आणखी एक वरस आमच्याच मळ्यात खेळाचो, आमच्याच घरचा अन्न खावचो, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज खांबाजवळून आला. मैदानावर या टोकाचा चेंडू त्या टोकाहून मागायची सवय असलेला तो आवाज होता. सगळ्या माना तिकडे वळल्या. शिवाचं तोंड अजून उघडंच होतं. आपण काय बोललो हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि त्याने तोंडावर हात ठेवला. पण शब्द सगळ्यांनी ऐकला होता. देवाने तर ऐकलाच होता.

"आयकलास मास्तर?" धोंडूशेटचे डोळे भरून आले होते. "पोरान स्वताच्या तोंडान सांगितला. लिवा."

आणि मी लिहिलं. 'खेळाडूने देवासमक्ष व खणखणीत आवाजात संमती दिली. मुदत एक वर्षाने वाढविण्यात येत आहे.' व्याकरणाची एक चूक नाही.

दुपारी शिवा घरी आला. वार रविवार, म्हणजे काशीबाईचा, पण तो तिच्याकडे जेवायला गेला नव्हता.

"मास्तर, माका म्हणूचा नव्हता," तो म्हणाला. "सगळे म्हणत होते, म्हणान तोंडातसून गेला."

मला सगळं दिसत होतं. देवाने दोनदा स्वच्छ उत्तर दिलं होतं. तिसऱ्यांदा आम्ही देवाला बोलूच दिलं नव्हतं. तरी मी काय म्हणालो? मी म्हणालो, "देवासमोर बोललास ना रे. आता कसं करायचं?" त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. मी जरा धीर करून 'जा, मी बघतो' म्हणालो असतो, तर तो गेला असता. पण मला गावात राहायचं होतं. आणि शिवा देवापुढचा शब्द आपणहून मोडणारा नव्हता. पंचवीस तारीख आली आणि गेली. कंपनीने दुसरा कोणी घेतला असणार, पुन्हा पत्र आलं नाही.

नर्मदा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच, "गाव येडो, म्हणान तुमी पण येडे?"

ते वर्ष शिवा खेळला. सामन्याआधी गुडघ्याला फडकं बांधायचा आणि नंतर पाला. पुढच्या पौषात, पलीकडच्या वाडीशी खेळताना, त्याचा पाय त्या खुंटांमध्ये अडकला आणि बाकीचा शिवा पुढे गेला. खुंटांची सवय आमच्या गड्यांना होती, असं मी वर लिहिलंय. गुडघ्याला नव्हती. त्याला खाटेवर घालून बांद्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण धावणं विसरा.

शिमग्याआधीची सभा चहा निवायच्या आत संपली. धोंडूशेट म्हणाले की गिरणीवर पोती उचलायला धडधाकट माणूस लागतो, आणि खोलीही नव्या खेळाडूला द्यावी लागेल. वारांचा प्रश्नही सुटला. सातही घरांनी नव्या गड्यासाठी आपापला वार राखून ठेवला होता. शिवाबद्दल कोणी वाईट बोललं नाही, उलट फार हळहळले. मी विचारलं, "कौल लावायचा का?"

"ह्यात देवाक कित्याक तरास?" शेट म्हणाले. "आणि मास्तर, तेका सोडल्याची चिठी बरी लिवन दिया. मंडळाचा नाव आसा."

मी घरी येऊन चिठ्ठी लिहिली. खूप बरी लिहिली. 'सदर खेळाडूची आमच्या मंडळाकडील मुदत संपली असून, त्यांनी अन्य कोणत्याही मंडळातर्फे खेळण्यास आमची कोणतीही हरकत नाही.' खाली सही, शिक्का, तारीख. गेल्या वर्षी ज्या चार ओळींसाठी सगळा गाव देवळात उभा होता, त्या लिहायला मला पाच मिनिटं लागली.

बुधवारी शिवा काठी टेकत जेवायला आला. त्याचा आमच्याकडचा तो शेवटचा बुधवार. नर्मदेने बांगड्याचं तिखलं केलं होतं. जेवण झाल्यावर मी त्याच्या हातात कागद ठेवला. त्याने तो उजेडाकडे धरून एकेक अक्षर लावत वाचला, मग पुन्हा वाचला.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्या आता कोणाक दाखवू?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. मास्तरला माहीत असेल, असं त्याला वाटलं होतं.

मी म्हणालो, "जपून ठेव. कधीतरी उपयोगी पडेल." वर्गात उभा राहून इतकं खोटं मी कधी बोललो नव्हतो. शिवाने मान हलवली, कागदाची नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.